देवळीतली गाडी

आमच्या घरात देव नव्हते, पण देवळी होती. दीक्षा घेतल्यावर माय-बाबांनी देव टोपल्यात घालून मोर्णा नदीत सोडले, तेव्हा भिंतीतली ती कमानीची जागा रिकामी पडली. मायनं ती सारवून घेतली, पण तिथं काय ठेवावं हे तिला सुचेना. मिठाची बरणी ठेवून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच काढली. कंदिलाची जास्तीची काच ठेवली, तीही काढली. पुष्कळ दिवस ती देवळी तशीच उघडी होती. शेवटी तिच्यात येऊन बसली एक लाल मोटार. वितीएवढी, प्लास्टिकची, माझ्या हातांनी जुळवलेली. आमच्या बाजूच्या पंचफुला मावशीनं ती पाहिली आणि दारातूनच हाक घातली, "काय वं शांते, देव नदीत सोडले अन् मोटार देवळीत बसवली? आता हिले नारळ फोडता का पेट्रोल पाजता?" माय हसली. बाबा सगळ्यांत जास्त हसले. मला तेव्हा हसू आलं नाही, कारण मला जे माहीत होतं ते त्या घरात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात राहायचो, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत. नदीपल्याड शेठजींचं जिन होतं. तिथं कापसातून सरकी निघायची आणि रुईच्या गठाणी बांधल्या जायच्या. माय तिथं कापूस निवडायला जायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीवर रुई बसलेली असायची. ती आधी दारात उभी राहून पदर झटकायची, मग खोकायची, मग आत यायची. पहाटे जिनचा भोंगा व्हायचा आणि त्यावर आमच्या गल्लीतल्या चुली पेटायच्या. चौथी झाली तसं मला शाळेतून काढलं. कुणी रडलं नाही, मीही रडले नाही. भाकरी थापायला, पाणी भरायला घरात माणूस पाहिजे होतं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तिच्यात ज्वारीच्या कण्या आणि वरून लसणाचं कच्चं तेल, हे मला तेव्हाच चांगलं जमायचं. बाबा म्हणायचे, "मायपेक्षा पोरीच्या हातची भाजी बरी." माय म्हणायची, "मंग पोरीलेच सांगा कापूस निवडाले जाय म्हणून." असं आमचं घर होतं. भांडण कमी, टोमणे जास्त.

बाबा शेठजींच्या पिकअपवर ड्रायव्हर होते. पुढं दोन-तीन माणसं बसायची केबिन, मागं उघडा लाकडी हौदा. तिच्यात सरकीची पोती जायची, यंत्राचे सुटे भाग जायचे, शेठजींच्या घरची बायामाणसं लग्नाला जायची. सीझनमध्ये बाबा भातकुलीपासून परतवाड्यापर्यंत खेडीपाडी फिरायचे, कारण शेठजींचे लोक गावोगाव कापूस पाहायला जायचे. आमच्या वस्तीत हमाल होते, जिनमधले मजूर होते, एक मास्तरही होता. पण ड्रायव्हर बाबाच. गाडी धुता धुता ते गाडी शिकले होते. खाकी सदरा माय निखारे भरलेल्या तांब्यानं इस्त्रीसारखा दाबून द्यायची. त्या सदऱ्यात बाबा गल्लीतून निघाले की पंचफुला मावशीसुद्धा जिभेला आवर घालायची. ज्या माणसाच्या बापाला गावकुसाच्या आत जोडे हातात घेऊन चालावं लागलं, तो माणूस शेठजींच्या शेजारी बसून, हॉर्न वाजवून, लोकांना बाजूला सारत जात होता. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला एवढंच कळायचं की बाबांचा सदरा मळू द्यायचा नाही.

ती मोटार अशी आली. शेठजींचे जावई अमेरिकेत शिकायला होते. त्यांनी कुणाच्या तरी हातून नातवासाठी एक खोका पाठवला. नातू अजून दुपट्यात होता आणि खोक्यात मोटार नव्हतीच, मोटारीचे तुकडे होते. शेठजींनी झाकण उघडलं, पाहिलं, बंद केलं आणि खोका बाबांच्या हातात दिला. "किसन, तू मोटरवाला आदमी. जोड के ला. सीझनच्या मुहूर्ताला जवाईबापू येतील, तेव्हा पेढीवर ठेवायची." बाबा घरी आले ते खोका छातीशी धरूनच. त्यावर लाल पिकअपचं चित्र होतं, आमच्या शेठजींच्या गाडीसारखंच, फक्त जास्त गुबगुबीत. आत प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटी होत्या आणि त्यांना तुरीच्या झाडाला शेंगा लागाव्या तसे भाग लागलेले होते. दारं, फळ्या, दिवे, चाकं. मायनं त्या चौकटी आधी राखेनं घासायला घेतल्या. कुणाकुणाचे हात लागले असतील, म्हणाली. मी तिच्या हातातून ओढून घेतल्या.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही दारात उजेडाला बसलो. मी ब्लेडनं भाग सोडवायचे आणि बाबा सांगायचे हा मडगार्ड, ही चॅसी, हा रेडिएटर. सोबत चित्रांचा कागद होता, अक्षरं इंग्रजी. मला ती अक्षरं येत नव्हती, पण चित्र येत होतं. चिकटवायची नळी वाळून दगड झाली होती. बाभळीचा डिंक लावून पाहिला, तो सुकला की पापडासारखा सुटायचा. मग बाबांनी पंक्चर काढायचं सोल्यूशन आणलं. चौकटीच्या फेकायच्या काडीला ते लावलं तर प्लास्टिकच मऊ पडून ओघळलं. माय म्हणाली, झालं आता. पण मी काडीच्या टोकावर मुंगीच्या डोक्याएवढं सोल्यूशन घेतलं, दोन्ही कडांना टेकवलं आणि धरून बसले. चिकटलं. ते इतकं पक्कं चिकटलं की मला आपल्या हाताचं नवल वाटलं. भाकर, पाणी, सारवण यांशिवाय माझ्या हातांना काही येतं हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. मी ते सुख लपवलं. कशाला लपवलं, ते सांगता येत नाही.

आणि त्याच दुपारी मला ते दुसरंही कळलं. केबिनच्या काचा म्हणून आरपार प्लास्टिकचा एक तुकडा होता. तो सापडेना. बाबा म्हणाले, "पाठवलाच नाई त्याईनं. विलायतेतबी चोर हायेत." तुकडा त्यांच्या मांडीवर होता. पांढऱ्या धोतरावर, उन्हात चकाकत होता. बाबा खाली पाहत होते, थेट त्याच्याकडेच पाहत होते, आणि त्यांना तो दिसत नव्हता. मी वाकले, तुकडा उचलला आणि म्हणाले, "अथी होता. माह्याच परकराखाली." बाबा म्हणाले, "पाय बरं. अन् म्या त्या मानसाले चोर म्हटलं."

एकदा एक कळलं की बाकीचं आपोआप कळत जातं. बाबा भाग डोळ्यांनी पाहत नव्हते, बोटांनी चाचपत होते. ताटात मिरचीचा ठेचा कुठं आहे ते वासावरून शोधत होते. दिवेलागण झाली की गाडी बाहेर काढायची नाही म्हणून ते शेठजींना ब्रेकचं कारण सांगत होते. माय दिवसभर जिनमध्ये असायची, घरी यायची तेव्हा अंधार पडलेला, तेव्हा कुणालाच धड दिसत नसतं. तिला काय कळणार? मला कळलं, कारण ती मोटार आमच्या दोघांच्या मधे होती.

मग स्टेअरिंग आलं. बाबा म्हणाले, "ते उजवीकडं. हे का सांगा लागते?" मी पाहिलं तर पुढच्या फळीला स्टेअरिंगचं भोक डावीकडे होतं. चित्रातही डावीकडेच होतं. अमेरिकेत रस्त्याच्या उलट्या बाजूनं गाड्या चालतात हे मला कुठून माहीत असणार? मी म्हणाले, "बाबा, भोक इकडं हाय." त्यांनी फळी माझ्या हातातून घेतली, बोटानं चाचपली आणि खुशीत म्हणाले, "हां, बराबर. उजवीकडंच." फळी त्यांनी उलटी धरली होती. मी म्हणू शकले असते की तुम्ही उलटी धरली. एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर त्याच्या मागून सगळंच आलं असतं. मांडीवरची काच आली असती, ठेचा आला असता, ब्रेक आला असता. मी फळी परत घेतली, स्टेअरिंग भोकात बसवलं, वरून टप चिकटवलं. टप बसल्यावर केबिनमध्ये कुणाचं बोट शिरत नव्हतं. मोटार देवळीत गेली.

नंतर एकदा बाबा मला अमरावतीला घेऊन गेले. यंत्राचा एक पट्टा आणायचा होता. "चाल पोरी, तुले अमरावती दाखवतो," म्हणाले. मी पुढं बसले, शेठजींच्या जागेवर. माय खूश होती, तिनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी फुटायला आलेली, काळी माती, मधे सडक. गाव मागं पडलं तसं बाबा म्हणाले, "पुढं काय हाय?" मी म्हणाले, "शेळ्या. सडकेवर हायेत." त्यांनी गाडी हळू केली आणि म्हणाले, "मले मालूम हाय. तुले दिसते का नाई ते पाहून राहिलो." मग थोड्या वेळानं, "आता काय हाय?" मी म्हणाले बैलबंडी. मग मी त्यांनी विचारायची वाटच पाहिली नाही. बंडी आली, माणूस आला, पूल आला, असं अमरावतीपर्यंत बोलत गेले. बाबा मधे मधे म्हणायचे, "हुशार हाय माही पोरगी." परतीच्या वाटेला माझा घसा बसला होता. घरी आल्यावर मायनं विचारलं, काय पाहिलं वं अमरावतीत? मी म्हणाले, बाजार पाहिला. मी काही पाहिलं नव्हतं. मी फक्त सडक पाहिली होती.

मागच्या वर्षी माझ्याच डोळ्याचा मोतीबिंदू काढला. सकाळी गेले, दुपारी घरी आले, चहा प्यायले. नात म्हणाली, आजी, तू घाबरली नाहीस? मी म्हणाले, ह्यात घाबरायचं काय आहे? हे आता किती सोपं झालं आहे ते लोकांना माहीत नाही. पण मी तिथं पट्टी बांधून पडले होते तेव्हा मला त्या सडकेवरची माणसं आठवली. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई होती. बाजूला व्हायला तिला उशीर झाला. मी ओरडले म्हणून बाबांनी गाडी वळवली. मी त्या दिवशी गाडीत होते. बाकीचे दिवस नव्हते. बाकीच्या दिवशी कोण ओरडत होतं? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला होता. विचारूनही गप्प बसले. आणि जी मुलं बापाच्या मांडीवर कधी बसली नाहीत त्यांना हे लिहून समजेल असं मला वाटत नाही.

मुहूर्ताचा दिवस आला. पेढीवर नवा कापूस ठेवून त्याची पूजा होती. पूजा आम्ही करत नव्हतो, पण जिनचा दिवस होता, माय आणि बाकीच्या बायका मागं उभ्या होत्या. बाबांनी खाकी सदरा घातला. मोटार मी धुतलेल्या फडक्यात धरून नेली, कारण बाबा म्हणाले, जिनं जुळवली तिनंच न्यावी. शेठजी गादीवर, जवाईबापू खुर्चीवर. जवाईबापूंनी फडकं काढलं आणि ते लहान मुलासारखे ओरडले, "अरे वा! ये तो पूरा बना दिया! किसन, किसने बनाया?" बाबा म्हणाले, "माह्या पोरीनं. म्या फक्त बसून सांगत होतो." मला तोंड कुठं लपवावं ते कळेना. मुनीमजींनीही मोटार हातात घेतली, चाक फिरवून पाहिलं. ती हातोहात फिरली आणि शेवटी बाबांकडे आली.

जवाईबापू थट्टेत म्हणाले, "तर किसन, ही गाडी चालवशील? कहाँ बैठेगा इसमें?" त्यांना अमेरिकेची गंमत सांगायची होती. तिथं सगळं उलटं असतं, हे ते सांगणारच होते. बाबांनी मोटार तळहातावर घेतली, तोंडाजवळ नेली आणि उजव्या दारावर बोट ठेवलं. "अथी बसीन ना जी. हे पाहा ना स्टेरिंग. पोरीनं कसं बसवलं, जसंच्या तसं, आपल्या गाडीवानी."

जवाईबापू खो खो हसले. त्यांना वाटलं, ड्रायव्हरनं थट्टेला थट्टा दिली. मुनीमजीही हसले. शेठजी हसले नाहीत. ते गादीवरून थोडे पुढे सरकले. म्हणाले, "किसन, फिर से बता. स्टेरिंग किधर है?" बाबांनी तेच बोट त्याच दारावर ठेवलं. आता बाकीच्यांचंही हसणं थांबलं. त्या शांततेत बाबांना कळलं की काहीतरी चुकलं आहे, पण काय ते कळायला त्यांच्याकडे डोळे नव्हते. ते मोटार फिरवू लागले, केबिनच्या काचेवर बोट घासू लागले. मी चिकटवलेली ती काच घट्ट होती.

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. "बेटी, तू सांग. तुझ्या बापाला दिसतं का?"

मी मायकडे पाहिलं. मायचं तोंड उघडंच राहिलं होतं, तिला काहीच कळलं नव्हतं. शेठजींच्या नातवाला घेऊन शेठाणी दारात उभी होती. आदल्या दिवशीच बाबांनी त्या दोघांना गाडीतून मंदिरात नेऊन आणलं होतं. बाबांनी मान माझ्या दिशेला वळवली, पण थोडी चुकीच्या दिशेला, आणि म्हणाले, "सांग पोरी."

मी म्हणाले, "नाई दिसत."

शेठजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी हात पुढे केला, आणि तो हात बाबांना दिसला नाही म्हणून मुनीमजींनी उठून बाबांच्या खिशातून गाडीची चावी काढून घेतली. "फाटकावर बस उद्यापासून," शेठजी म्हणाले. "आँख दिखा डॉक्टर को." पुढं डॉक्टरला दाखवलंही. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकू द्या, मग काढू. तेव्हा तसंच करत. बाबा तो पिकायची वाट पाहत फाटकावर बसले. पुढं तो निघाला, बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागला, पण गाडी पुन्हा हातात आली नाही. मोटार पेढीवरच्या काचेच्या कपाटात राहिली. लोक कौतुकानं पाहायचे. मी त्या पेढीवर पुन्हा पाऊल ठेवलं नाही. त्यानंतर मी हातानं अशी वस्तू जुळवली नाही. कुणी मना केलं नव्हतं.

त्या दिवशी मायला जिनमध्ये थांबावं लागलं. मी आणि बाबा दोघंच निघालो. फाटकाबाहेर आल्यावर बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. भर दिवसा, लोकांत, पहिल्यांदा. तोवर ते आठवणीवर चालायचे. पुलावर आलो. मीच म्हणाले, "बाबा, माहं चुकलं."

"काय चुकलं?"

"म्या सांगाले नाई पायजे होतं."

बाबा चालतच राहिले. मग म्हणाले, "म्या तुले गाडी जुळवाले काहून बसवलं होतं, पोरी? माहे काय हात तुटले होते? म्या म्हटलं, पोरगी बाजूले बसन, तिले समजन. तिले समजलं का ती मायले सांगन. माय घरातल्या घरात मले म्हणन, सोडा आता. मंग म्या शेठजीले म्हणीन, बायको आयकत नाई, म्या गाडी सोडतो. अमरावतीलेबी त्याच्याचसाठी नेलं. वाटलं, आता तरी सांगन. म्या वाट पाहून राहिलो होतो."

"मंग तुमीच काहून नाई बोलले?"

"मले लाज वाटे," बाबा म्हणाले. "लेकराले लाज नसते म्हणून तुले बसवलं."

मला होती. ते मी त्यांना सांगितलं नाही. आजवर कुणाला सांगितलं नाही. मी त्यांची लाज राखत होते आणि ते माझ्या तोंडाची वाट पाहत होते, आणि आम्ही दोघं मिळून ती लाल मोटार इतकी पक्की चिकटवली की शेवटी ते गुपित चारचौघांत त्यांच्या हातात फुटलं. मी आधी बोलले असते तर ते घरातल्या घरात ठरवून गाडीवरून उतरले असते, आपल्या पायांनी, खाकी सदरा घालून. आणि त्या गवताच्या भाऱ्याच्या बाईसारखी माणसं जेवढे दिवस नशिबावर होती, तेवढे दिवसही माझ्या नावावर आहेत. कुणाला काही झालं नाही म्हणून ते कमी होत नाहीत.

पूल संपून गल्ली सुरू होते तिथं वाट अरुंद आहे. वरून कापसाची बंडी उतरत होती, बैलांना आवरता आवरेना, गाडीवान ओरडत होता. बाबा सरळ चालले होते.

"बाबा, थांबा," मी म्हणाले.

ते थांबले. लगेच, एका शब्दावर. बंडी अंगाजवळून निघून गेली, धूळ खाली बसली, तरी मी चला म्हणेपर्यंत ते तिथंच उभे होते.